जुगाराचे व्यसन केवळ स्वभावदोष नाही

घरातला कर्ता माणूस जुगारात पैसे घालवू लागला की नातेवाईक त्याला समजावतात, शपथ घालतात आणि शेवटी कर्ज फेडतात. काही महिन्यांत तो पुन्हा तिथेच जातो. मग ‘याला लाजच नाही’ असा शिक्का बसतो. विज्ञान मात्र इतका सोपा निवाडा करत नाही.

याचा बोलका पुरावा कंपवाताच्या रुग्णांकडून मिळाला. या आजारात मेंदूतील डोपामिन हे रसायन कमी पडते. त्याची उणीव भरून काढणारी प्रॅमिपेक्झोल, रोपिनिरोल यांसारखी औषधे घेणाऱ्या काही रुग्णांना जुगाराची अनावर ओढ लागली. पूर्वी जुगार न खेळलेलेही त्यांत होते. डॉक्टरांनी औषध कमी किंवा बंद केल्यावर अनेकांची ओढ ओसरली. (ही औषधे स्वतःहून बंद करणे मात्र धोक्याचे आहे.) माणूस तोच, संस्कार तेच, मेंदूतील रसायनाचे गणित तेवढे बदलले होते.

माकडांवरील प्रयोगांत असे दिसले, की बक्षीस मिळेल की नाही याची खात्री नसते तेव्हा डोपामिनच्या पेशी बराच वेळ सक्रिय राहतात. जुगार नेमका या अनिश्चिततेवर चालतो. त्यात ‘थोडक्यात हुकले’ ही भावना भर घालते. ती हारच असते. पण मेंदूतील बक्षिसाशी संबंधित भाग तेव्हाही जिंकल्यासारखे चाळवतात. ‘इतक्या वेळा हरलो, आता लागणारच’ हा भ्रम पुढचा डाव लावायला लावतो. नैराश्य, उतावळा स्वभाव आणि आनुवंशिकता यांनी धोका आणखी वाढतो.

म्हणूनच अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेने २०१३ मध्ये जुगाराला दारू-ड्रग्जसारख्या व्यसनांच्या गटात घातले. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तो हवाच होता. पण लागलेली ओढ कायद्याने सुटत नाही, तिला उपचार लागतात.

आजार म्हटले म्हणून जबाबदारी संपत नाही. उपचार घेणे ही रुग्णाचीच जबाबदारी आहे. घरच्यांनीही गुपचूप कर्ज फेडण्याऐवजी पैशांचे व्यवहार काही काळ दुसऱ्याकडे सोपवावेत आणि मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. सुरुवात कुठून करायची हे कळत नसेल, तर सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.