तोफा ओढल्या कोणी?

‘बलाढ्य राष्ट्र दूरच्या युद्धात ओढलं गेलं.’ हे वाक्य वाचलं की माझं टाळकं सरकतं. अमेरिका व्हिएतनाममध्ये ओढली गेली, इराकमध्ये ओढली गेली. जशी काही गरीब गाय, कुणीतरी दावं धरून फरफटत नेली! मी गोदीत हमाली करतो. ओढणं म्हणजे काय ते माझ्या खांद्याला विचारा.

लांब कशाला, आपल्या वऱ्हाडातच या. 1803 साली इंग्रज चिखलदऱ्याच्या डोंगरात लढायला आला. काहून? महिनोन् महिन्यांचा समुद्र ओलांडून गाविलगडावर त्याचं काय ठेवलं होतं?

शाळेतला इतिहास सांगतो, होळकरानं पुण्याजवळ झोडपलं, दुसरा बाजीराव वसईला पळाला, 31 डिसेंबर 1802 ला तह झाला आणि दिलेल्या शब्दापायी इंग्रजाला लढणं भाग पडलं. व्वा रे शब्द! तहात काय आहे? सहा हजारांची तैनाती फौज पेशव्याच्या उशाशी आणि तिच्या खर्चाला 26 लाखांचा मुलूख कंपनीला. म्हणजे रखवालदार त्याचा, पगार तुमचा, अन् घराची किल्लीही त्याच्याच कमरेला. शिंदे-भोसल्यांनी हा तह मानला नाही, तर लगेच कंपनीची इज्जत गेली. वर फ्रेंचांचा बागुलबुवा होताच. तोच पुढं व्हिएतनाममध्ये कम्युनिस्टांचा झाला, 2003 ला इराकमधल्या अस्त्रांचा. ती अस्त्रं सापडली नाहीत, पण बगदाद पडलं.

आधी दुबळ्या राजाला हमी. हमीला फौज, फौजेला मुलूख, मुलखाला आणखी फौज. दोर यांनीच वळायचा आणि वर बोंबलायचं की आम्हाला ओढलं हो!

29 नोव्हेंबरला अकोल्याकडचं अडगाव झालं, 15 डिसेंबरला गाविलगड पडला. दोनच दिवसांत भोसल्याशी देवगावचा तह, महिनाअखेर शिंद्याशी सुर्जी-अंजनगावचा. वऱ्हाड निजामाच्या पदरात टाकलं. 1853 ला फौजेच्या खर्चाची थकबाकी दाखवून तेच वऱ्हाड कंपनीनं निजामाकडून स्वतःच्या कारभारात घेतलं. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि आमच्या काळ्या मातीवर साहेबाचं प्रेम उतू गेलं. 1870 ला खामगावच्या रेल्वेसाठी खुद्द व्हाइसरॉय मेयो हजर! 1803 च्या वेलस्लीला हा कापूस दिसत होता असं मी म्हणत नाही. तेवढं लांबचं दिसायची गरजच नसते. फौज गेली की मागनं वहीखातं जातंच.

आता ओढण्याचं. गाविलगडावर मारा करायला जड तोफा उत्तरेच्या बाजूनं न्यायच्या होत्या. रस्ता नाही. नुसत्या दऱ्या अन् कडे. निजामाकडच्या तैनाती फौजेतल्या माणसांनी त्या तोफा जवळजवळ सगळी वाट हातांनी ओढल्या. खुद्द वेलस्लीनंच लिहून ठेवलंय. शाबासकी स्टीव्हन्सन साहेबाला. दोर ज्यांच्या तळव्यांतून गेला त्यांचं नाव नाही.

दोस्तांनो, मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणाल. पेशवाई बुडाली ते बरंच झालं! झालंच. 1 जानेवारी 1818 च्या कोरेगावच्या खांबावर ‘नाक’ शेवटाची नावं आहेत, तिथं मीही मान झुकवतो. पण साहेब आपल्यासाठी लढत नव्हता, हे कुणीतरी मोठ्यानं बोला की. काम सरलं तसं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यानं महारांची भरती बंद केली. 1917 ला महायुद्धात माणसं कमी पडली, उघडली 111 वी महार पलटण. 1921 ला गुंडाळली. 1941 ला पुन्हा गरज, पुन्हा महार रेजिमेंट. हाक मारायची तारीख त्यांची, हाकलायची तारीखही त्यांची.

मुहंमद अली 1967 ला भरतीच्या रांगेत पुढं पाऊल टाकायला नाही म्हणाला. अजिंक्यपद काढून घेतलं त्याचं. त्या एका ‘नाही’ला अमेरिका किती घाबरली बघा.

चिखलदऱ्याला सहलीला जाता, गाविलगडाच्या दरवाजात फोटो काढता. यंदा उत्तरेकडनं चढून या, लेकहो. अन् तोफा ओढल्याची गोष्ट कुणाच्या आजीनं, पणजीनं सांगितली असेल तर अंकासाठी लिहून धाडा, वऱ्हाडीतच.