चढाई संपल्यानंतर

भाताची झोडणी उरकून खळी मोकळी झाली की पेण तालुक्यातील गडब आणि त्याच्या आसपासच्या गावांतून कबड्डीच्या सामन्यांचे दिवस सुरू होतात, आणि प्रकाशझोताखाली आखलेल्या मैदानाच्या कडेला, गर्दीच्या अगदी पुढल्या रांगेत, चाळिशीकडे झुकलेला एखादा गृहस्थ दुखऱ्या गुडघ्यावर तळहात ठेवून बसलेला हमखास आढळतो. चढाईला गेलेला पोरगा कोपऱ्यातल्या पकडपटूकडे पाठ करून परतू लागला, की पकड पडण्याच्या क्षणभर आधीच या गृहस्थाच्या तोंडून हळहळ निघते. पुढे काय होणार हे त्याला आधी दिसते, कारण तीच चूक त्याने स्वतः शंभरदा केलेली असते. असे हे ज्ञान त्याच्यापाशी असते. परंतु ते कोणाला देण्याचा अधिकार, हुद्दा किंवा वेतन यांपैकी काहीही नसल्यामुळे सामना संपताच तो उठतो आणि सकाळच्या पाळीला कामावर रुजू होण्यासाठी घराची वाट धरतो.

त्याला पाहिले की मला युर्गन क्लॉप आठवतो. माइन्झ नावाच्या, तोवर जर्मनीच्या वरिष्ठ श्रेणीत कधीही न खेळलेल्या संघाकडून या माणसाने दहा-अकरा वर्षे इमानाने फुटबॉल खेळला. आरंभी आघाडीला, नंतर बचावात, आणि प्रायः दुसऱ्या श्रेणीतच. खेळता खेळताच फ्रँकफुर्टच्या विद्यापीठात क्रीडाशास्त्राचे अध्ययन करून त्याने १९९५ साली पदविका संपादन केली. फेब्रुवारी २००१ मध्ये संघ खालच्या श्रेणीत घसरण्याच्या बेतात असताना चालकांनी या खेळाडूलाच प्रशिक्षक नेमले, आणि ज्यांच्या शेजारी बसून काल बुटांच्या नाड्या बांधल्या त्यांनाच आज आज्ञा देण्याचा अवघड प्रसंग त्याच्यावर आला. संघ तरला, २००४ साली वरिष्ठ श्रेणीत चढला. पुढे डॉर्टमुंडला त्याने लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद दिले, आणि तीस वर्षे विजेतेपदाला मुकलेल्या लिव्हरपूलला २०२० साली इंग्लंडचे जेतेपद मिळवून दिले.

ज्याच्या पायांत उपजत जादू नसते त्याला प्रत्येक हालचालीचा कार्यकारणभाव शोधावा लागतो, आणि तो शोधच पुढे अध्यापनाचे भांडवल होतो, असे माझे ठाम मत आहे. याला अपवाद आहेत. १९७४ मध्ये कर्णधार या नात्याने आणि १९९० मध्ये प्रशिक्षक या नात्याने विश्वचषक जिंकणारा बेकेनबाउअर हा त्यांतला सर्वांत तेजस्वी. त्याच्यापाशी प्रशिक्षकाची सनद नव्हती, म्हणून पश्चिम जर्मनीने त्याच्यासाठी पदाचे नावच बदलून घेतले. परंतु अशा दैवी देणगीवर कोणत्याही समाजाला आपली व्यवस्था उभारता येत नाही.

आपल्याकडचे उदाहरण मुंबईतच आहे. कुवेतमध्ये जन्मलेला फुटबॉलपटू खालिद जमील महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळला, दुखापतींनी त्याची कारकीर्द अकालीच खुंटवली, आणि २००९ साली तो मुंबई एफसीचा प्रशिक्षक झाला. त्या तुटपुंज्या साधनांच्या संघाची त्याने सात वर्षे जी मशागत केली तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. नंतर मिझोरममधील ऐझॉल एफसी या, आदल्याच हंगामात खालच्या श्रेणीत ढकलल्या गेलेल्या आणि गोव्याचे संघ स्पर्धेतून बाहेर पडल्यामुळेच पुन्हा प्रवेश मिळालेल्या संघाला त्याने २०१७ साली, मोहन बागानला एका गुणाने मागे टाकून, आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. ऑगस्ट २०२५ मध्ये तो राष्ट्रीय संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. या पदावर भारतीय माणूस तब्बल तेरा वर्षांनी आला. पहिल्याच स्पर्धेत ओमानला नमवून संघाने तिसरे स्थान पटकावले. मडगावात सिंगापूरकडून आणि ढाक्यात बांगलादेशाकडून पुढे पराभव झाले, आणि ते मलाही झोंबले. तथापि पहिल्या चार महिन्यांच्या अंमलावरून सोळा वर्षांच्या परिश्रमाचा निवाडा करणे मला अन्यायाचे वाटते.

जमीलला उभे राहायला निदान क्लबाची नोकरी होती. गडबच्या त्या गृहस्थाला ती नाही. आपण विजेत्या संघाला रोख बक्षीस देतो, ढाल देतो, उत्कृष्ट चढाईपटूला कधी मोटारसायकलही देतो, आणि त्याचा गुडघा निकामी झाला की त्याचे नाव विसरून जातो. माती सोडून मॅटवर खेळताना पाऊल कसे बदलावे, तिसऱ्या चढाईचे दडपण कसे पेलावे, साखळी तुटू नये म्हणून डोळ्यांनी कसे बोलावे, हे सारे त्याच्याबरोबरच संपते. आणि पुढच्या पोराला तेच धडे पुन्हा हाडे मोडून घेऊन शिकावे लागतात.

पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकांसाठी सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र-अभ्यासक्रम चालतो. एका मोठ्या सामन्याच्या मांडवावर, दिव्यांवर आणि ध्वनिक्षेपकांवर होणाऱ्या खर्चातून एखाद्या जुन्या खेळाडूला तेथे सहज पाठवता येईल. पेण आणि रोहे तालुक्यांतील मंडळांच्या चालकांना माझी विनंती आहे की यंदाच्या सामन्यांच्या जमाखर्चात त्यासाठी एक रकाना राखावा, आणि गावच्या शाळेने परतलेल्या त्या माणसाला संध्याकाळचे दोन तास व त्याचे मानधन द्यावे.