चेक्सचा स्कर्ट शिवताय? मीटरचा भाव विचारण्याआधी चौकडा मोजा!



शाळेच्या गणवेशाच्या शिलाईत उतरायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "कापड स्वस्त कुठे मिळेल?" आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीकरांना त्यासाठी लांब जावं लागत नाही. उल्हासनगरचं गजानन मार्केट जवळ, भिवंडीचे यंत्रमागही जवळच. पण माझं स्पष्ट मत सांगतो: चेक्सच्या प्लेट्सवाल्या स्कर्टमध्ये हा पहिला प्रश्नच चुकीचा आहे. तुमचा नफा मीटरच्या भावावर कमी आणि चौकड्याच्या मापावर व कापडाच्या वजनावर जास्त ठरतो.

हे आत्ता का सांगतोय? सरकारी योजनेतल्या मोफत गणवेशाचं कापड २०२४-२५ मध्ये राज्य पातळीवरून घेतलं गेलं आणि शिलाई महिला बचत गटांकडे दिली गेली. उशीर झाला, मापं चुकली, दर्जाच्या तक्रारी आल्या. शेवटी २०२५-२६ पासून ही जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आली. म्हणजे निर्णय परत तुमच्या गावातल्या, तुमच्या वॉर्डातल्या शाळेत होतोय. खासगी शाळांचं काम तर वेगळंच. छोट्या युनिटला दार उघडं आहे. पण पहिल्याच ऑर्डरमध्ये कापड चुकलं तर दुसरी मिळत नाही.

चौकडा म्हणजे पैसा

आपल्या शाळांतला गडद निळा-हिरवा चेक्स हा स्कॉटलंडच्या टार्टनचा नातेवाईक. तिथल्या किल्टला साधारण ८ यार्ड कापड लागतं, आणि प्लेट्स अशा घालतात की चौकड्याची नक्षी दुमडल्यावरही अखंड दिसावी. किंवा प्रत्येक प्लेटवर तीच रेघ यावी. आपल्या स्कर्टला कापड कमी लागतं, पण नियम तोच. नक्षी जिथे पुन्हा सुरू होते तिथपर्यंतचं अंतर म्हणजे 'रिपीट'. ते आधी मोजायचं.

एक हिशोब करू. समजा कंबर २४ इंच, शाळेच्या नमुन्यात १२ प्लेट्स, प्रत्येक प्लेटवर तीच रेघ हवी. दुमड आणि शिलाई धरून उंचीला २४ इंच कापड लागतं. पन्हा ५८ इंच.

रिपीट ६ इंचाचा असेल तर एका पन्ह्यात ९ पूर्ण रिपीट बसतात. उरलेले ४ इंच किनार आणि जोडशिलाईत जातात. २४ इंच उंचीत बरोबर ४ रिपीट, वाया काही नाही. चार तुकड्यांत तीन स्कर्ट निघतात. एका स्कर्टला ०.८१ मीटर.

रिपीट ७ इंचाचा असेल तर पन्ह्यात ८ बसतात. आडव्या रेघा सगळ्या स्कर्टना एकाच उंचीवर यायच्या तर प्रत्येक तुकडा २८ इंचांचा कापावा लागतो. तीन तुकड्यांत दोनच स्कर्ट. एका स्कर्टला १.०७ मीटर.

आता पहिलं कापड १५० रुपये मीटर आणि दुसरं १३० रुपये मीटर धरा. पहिल्याचा स्कर्ट १२२ रुपयांत पडतो, 'स्वस्त' कापडाचा १३९ रुपयांत! १०० स्कर्टमागे १,७०० रुपये गेले. शिवाय दुकानातून येताना तुम्ही खूश होता, की मीटरमागे २० रुपये वाचवले.

शाळेनं डिझाइन ठरवून दिलं असेल तर चौकडा बदलता येत नाही, मान्य. पण मग दर सांगायच्या आधी हा हिशोब करा, नंतर नको.

वजन तोंडी मान्य करू नका

किल्टसाठी १३ ते १६ औंसाचं लोकरी कापड वापरतात. हे औंस एका यार्ड लांबीमागे मोजतात. ५८ इंची पन्ह्यात ते साधारण २७५ ते ३३५ जीएसएम होतं. डोंबिवलीच्या जून महिन्यात असलं कापड मुलीच्या अंगावर घालणं म्हणजे शिक्षाच. आणि पावसात भिजलं तर दुसऱ्या दिवशीपर्यंत वाळणार नाही.

दुसऱ्या टोकाला शर्टाचं १२० जीएसएमचं कापड. त्याच्या प्लेट्स पडत नाहीत, फुगतात. पावसात पायाला चिकटतात. माझ्या मते आपल्या हवेत प्लेट्सच्या स्कर्टला पॉलिस्टर-व्हिस्कोस, २०० ते २३० जीएसएम योग्य. पॉलिस्टरमुळे इस्त्रीची घडी टिकते, व्हिस्कोसमुळे पडण चांगली येते आणि घाम शोषला जातो.

इथे एक घोळ होतो. व्यापारी म्हणतो, "तीनशे ग्रॅमचा माल आहे." विचारा, चौरस मीटरला की धावत्या मीटरला? ५८ इंची पन्ह्यात धावत्या मीटरचे ३०० ग्रॅम म्हणजे जेमतेम २०४ जीएसएम. दोन्ही खरं, पण तुम्ही ऐकलं वेगळंच. म्हणून नमुना घ्या, १० बाय १० सेंटिमीटरचा चौकोन कापा, ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर तोला आणि ग्रॅमला १०० ने गुणा. झाला जीएसएम!

आणखी दोन गोष्टी

कापड उलटून बघा. रंगीत सुतानं विणलेला चेक्स दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. छापलेला मागून फिका असतो, आणि चालताना प्लेट उघडली की ते दिसतं. दुसरं, पूर्ण ऑर्डरचा माल एकाच लॉटमधून घ्या. दोन लॉटमधला फरक दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दिसत नाही. शाळेच्या मैदानावर रांग लागली की लगेच दिसतो.

"पण शाळा तर भाव बघूनच ऑर्डर देते," असं तुम्ही म्हणाल. खरंय. पहिली ऑर्डर भावावर मिळते. दुसरी मात्र दिवाळीनंतर प्लेट्स कशा दिसतात त्यावर मिळते. छोट्या युनिटला दरवर्षी नवीन शाळा शोधणं परवडत नाही. म्हणून दरपत्रकात फक्त "चेक्स स्कर्ट" लिहू नका. कापडाची जात, जीएसएम आणि 'विणलेला चेक्स' हे तिन्ही लिहा, सोबत कापडाचा तुकडा जोडा. मग तुमची तुलना हलक्या मालाच्या भावाशी होणार नाही. झालीच, तर उत्तर तुमच्या हातात असेल.

या आठवड्याचा गृहपाठ: मार्केटमधून चेक्सचे तीन नमुने आणा. रिपीट मोजा, जीएसएम काढा आणि प्रत्येकाचा 'एका स्कर्टचा खर्च' वहीत लिहा. भाव त्यानंतरच बोला!