दिव्याखाली अंधार नको

उरण तालुक्यातील एका ताईंचे पत्र आले आहे. जुन्या कौलारू घराचा पुढचा भाग काढून त्यांनी तेथे स्लॅबची खोली बांधली. मागचे माजघर आणि स्वयंपाकघर मात्र होते तसेच आहे. थोरल्या मुलाने पनवेलच्या एका कापडाच्या दुकानात ट्रॅक लाइट पाहिले आणि गणपतीच्या आत ते पुढच्या खोलीत बसवायचेच, असे ठरवून टाकले. ताई विचारतात, हे दिवे घराला शोभतात का, वीज फार खातात का आणि घेताना काय पाहावे? पत्राच्या शेवटी त्यांनी सहज एक वाक्य लिहिले आहे. पैसे उरले तर पुढच्या वर्षी स्वयंपाकघराचे बघू, असे घरात ठरले आहे म्हणे.

ताई, तुमच्या प्रश्नांची उत्तरे पुढे दिलीच आहेत. पण खरी गोष्ट आहे ती तुमच्या त्या शेवटच्या वाक्यात.

दिव्याखाली अंधार ही म्हण उरणकरांना समजावून सांगायला नको. बोकडविऱ्याचे वायूवर चालणारे वीजकेंद्र १९८२ साली सुरू झाले. तेथली वीज दूरदूर गेली. पण ह्याच तालुक्यातल्या घारापुरी बेटावर, जिथली लेणी पाहायला जगभरातून माणसे येतात, तिथे राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर ह्या तीन वस्त्यांत संध्याकाळी काही तास जनित्र चाले. ते बंद झाले की पुन्हा अंधार. समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर केबल टाकून कायमची वीज तिथे पोचली, ती २२ फेब्रुवारी २०१८ रोजी. खाडीपलीकडे उजेड जायला इतकी वर्षे लागली. आपल्या घरात पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत जायला तरी त्याला वेळ लागू नये.

हे ट्रॅक लाइट म्हणजे काय?

छताला अॅल्युमिनियमची एक पोकळ पट्टी बसवतात. तिच्या आत दोन्ही बाजूंना तांब्याच्या तारा असतात. पट्टीच्या एका टोकाला वीज दिली की ती पट्टीभर खेळते. मग दिवे पट्टीत अडकवायचे, हवे तिथे सरकवायचे आणि हवे तिकडे त्यांचे तोंड फिरवायचे. पट्टी साधारणपणे एक किंवा दोन मीटरची मिळते आणि जोड देऊन लांबवता येते. दुकानदार हे दिवे लावतात, कारण उद्या माल हलवला तरी भिंत न फोडता उजेड मालावर नेता येतो.

घरातही त्यांचा खरा उपयोग हाच. मुलाचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. गणपतीत चार दिवे मखराकडे वळवावेत. विसर्जन झाले की त्यांतले दोन मुलांच्या अभ्यासाच्या टेबलाकडे फिरवावेत. एकदा बसवलेल्या नळीला हे जमत नाही.

पण त्यांचा दोषही ओळखावा. नळीचा उजेड खोलीभर पसरतो. ट्रॅकच्या दिव्याचा उजेड झोतासारखा एका जागी पडतो. नुसते ट्रॅक लाइट लावलेल्या खोलीत भिंतीवर लख्ख गोल पडतात आणि कोपरे काळे राहतात. तेव्हा एखादी साधी नळी तिथेही हवीच.

उजेड कामावर पडावा

आता मागच्या खोलीत चला. पुष्कळ घरांत स्वयंपाकघरात एकच दिवा असतो आणि तोही मधोमध. ओटा भिंतीला लागून. घरची बाई ओट्याशी उभी राहिली की दिवा तिच्या पाठीमागे येतो आणि तिचीच सावली विळीवर पडते. मासळी साफ करायची, तांदूळ निवडायचे, उकळते आधण उतरवायचे, सगळे स्वतःच्या सावलीत. बोट कापले की आपण घाई केली म्हणतो. दिव्याला कोणी दोष देत नाही.

ह्याला उपाय सोपा आहे. दिवा माणसाच्या पुढे आणावा. ओट्यावर फळी किंवा कपाट असेल तर त्याच्या खालच्या अंगाला, पुढच्या कडेशी एक लहान नळी लावावी. स्लॅबचे छत असेल तर ओट्याला समांतर, त्याच्या पुढच्या कडेच्या वर एक मीटरची पट्टी आणि तीन दिवे पुरतात. शेगडीच्या थेट वर मात्र पट्टी नको. फोडणीचा धूर आणि वाफ तिच्या खाचेत बसते. दोन-तीन फूट बाजूला ठेवावी. कौलांचे छत बसके असेल तर ट्रॅकचा नाद सोडावा. तिथे साधी नळीच उत्तम.

घरातल्या वडीलधाऱ्यांचाही विचार व्हावा. साठीतल्या डोळ्यांना विशीतल्या डोळ्यांपेक्षा दुपटीहून अधिक उजेड लागतो. पण उघडा झोत डोळ्यांवर आला तर त्यांना दिसायचे तेही दिसत नाही. मोतीबिंदू असेल तर त्रास अधिक. म्हणून सासूबाई जिथे बसतात तिथून दिव्याचे तोंड दिसता कामा नये. जिना, न्हाणीघराचा उंबरा, पडवीची पायरी ह्या जागी छोटा का होईना, दिवा हवा. म्हातारपणी पडून मोडलेले हाड किती महाग पडते, हे तुम्हाला सांगायला नको.

निवडताना काय पाहावे?

दुकानदार वॅट सांगतो. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो. उजेड किती देतो, ते ल्युमेनवरून कळते आणि तो आकडा खोक्यावर छापलेला असतो. जुना ६० वॅटचा बल्ब साधारण ७०० ल्युमेन देई. आजचा ९ वॅटचा एलईडी बल्ब सुमारे ९०० देतो. २० वॅटची चांगली नळी २,००० च्या आसपास देते. दोन दिव्यांचे वॅट सारखे असतील तर ज्याचे ल्युमेन जास्त तो घ्यावा.

दुसरी गोष्ट रंगाची. खोक्यावर ३००० असेल तर उजेड पिवळसर, ४००० असेल तर मध्यम, ६५०० असेल तर निळसर पांढरा. बसण्याच्या खोलीला आणि देव्हाऱ्याला पिवळसर बरा, ओट्याला आणि अभ्यासाला मध्यम. पडवीत पिवळाच लावावा. निळसर पांढऱ्या दिव्यावर पावसाळी किडे फार येतात, पिवळ्यावर कमी. भात लावणीच्या दिवसांत पडवीत जेवायला बसणाऱ्यांना ह्याचे मोल कळेल.

तिसरी गोष्ट झोताची. तो अंशांत मोजतात. १५ किंवा २४ अंशांचा झोत अरुंद असतो, तो देव्हाऱ्यासाठी किंवा तसबिरीसाठी. घरात इतरत्र ३६ किंवा ६० अंशांचा रुंद झोत घ्यावा.

चौथी गोष्ट, पट्टी आणि दिवे एकाच कंपनीचे घ्यावेत. एकाचा दिवा दुसऱ्याच्या पट्टीत पुष्कळदा बसत नाही. बसला तरी आतला जोड नीट टेकत नाही. दोन दिवे जास्तीचे घेऊन ठेवावेत. भारतीय मानक ब्युरोची खूण आणि लेखी हमी पाहावी. गावाकडे वीजदाब खालीवर होतो, म्हणून १०० ते ३०० व्होल्टपर्यंत चालेल असे लिहिलेला दिवा बरा. आणि उरणची हवा खारी. लोखंडी स्क्रू लवकर गंजतो, तेव्हा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू मागून घ्यावेत.

विजेच्या खर्चाची धास्ती नको. १० वॅटचे सहा दिवे म्हणजे ६० वॅट. रोज पाच तास जळले तर महिन्याला ९ युनिट. पूर्वी तेवढी वीज एक ६० वॅटचा बल्ब एकटा खाई.

बसवताना

पट्टी पीओपीच्या पत्र्यावर नुसती अडकवू नये. तिचा स्क्रू स्लॅबमध्ये किंवा वरच्या लाकडी चौकटीत गेला पाहिजे आणि दर दोन फुटांवर एक आधार हवा. तसबीर किंवा देव्हारा उजळायचा असेल तर छतापासून तो जितका खाली आहे, त्याच्या निम्म्याहून थोडी अधिक अशी पट्टी भिंतीपासून दूर ठेवावी. चार फूट खाली असेल तर सव्वादोन फूट. म्हणजे झोत तिरका पडतो आणि काचेची चकाकी डोळ्यांवर येत नाही.

पंख्याची जागा आधी पाहावी. पट्टी पंख्याच्या पात्यांवर आली तर झोत पात्यांतून कापला जातो आणि खोलीभर सावल्या लपलपतात. पाचच मिनिटांत डोके दुखू लागते. कौलांखालून वायर न्यायची असेल तर ती नळीतूनच न्यावी. उंदराला वायरीचे वावडे नाही. आणि ही पट्टी फक्त घराच्या आत. जिथे पावसाची झड येते किंवा कौल गळते, तिथे ती लावू नये.

आधी मीटरपासून पाहा

आता सर्वांत महत्त्वाचे. ही पट्टी धातूची आहे. आतल्या तारेचे आवरण कुठे खरवडले आणि अर्थिंग नसले तर सबंध पट्टीत वीज उतरते. जळमटे काढायला ओला फडका घेऊन स्टुलावर चढणारी घरातली माणसेच असतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या हिशेबाप्रमाणे २०२१ साली आपल्या देशात बारा हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने दगावली.

म्हणून पट्टी विकत घेण्याआधी परवाना असलेल्या वायरमनकडून चार गोष्टी तपासून घ्याव्यात. अर्थिंग जिवंत आहे का? खाऱ्या जमिनीत लोखंडी नळी कुजते. वर वायर दिसते, पण खाली काही उरलेले नसते. कोणी न्यूट्रललाच अर्थिंग म्हणून जोडून ठेवले असेल तर ते आधी काढायला लावावे. दिव्याचे बटण फेजच्या तारेवर आहे का, नाहीतर बटण बंद करूनही दिव्यात वीज राहते. दिव्यांसाठी दीड चौरस मिलिमीटरची, आयएसआय खुणेची वायर आहे का? आणि शेवटी, मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का? माणसाच्या अंगातून वीज जाऊ लागली की हा डोळ्याचे पाते लवायच्या आत पुरवठा तोडतो. त्यावर चाचणीचे बटण असते. महिन्यातून एकदा दाबून पाहावे. तो वारंवार पडतो म्हणून पुष्कळ ठिकाणी त्याला बगल देऊन वायर जोडतात. असे कधीही करू देऊ नये. तो पडतो म्हणजे घरात कुठेतरी वीज गळते आहे, हे तो सांगत असतो.

दिवा सरकवताना, बदलताना किंवा पुसताना मेनस्विच बंद करावा. दिवा लुकलुकू लागला तर पुरवठा बंद करून तो काढावा, कोरड्या फडक्याने जोड पुसावा आणि पुन्हा खटका बसेपर्यंत फिरवावा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते.

पैसा कोणत्या क्रमाने लावावा?

हातात पैसे मोजके असतील तर आमच्या मते क्रम असा असावा. पहिले अर्थिंग आणि आरसीसीबी. दुसरा ओट्यावरचा दिवा. तिसरा अभ्यासाचा. चौथे जिना, न्हाणीघर आणि पडवी. पाचव्या क्रमांकावर पुढची खोली. इन्व्हर्टर असेल तर त्यावरही आधी स्वयंपाकघर आणि जिना जोडावा. एका चांगल्या ट्रॅक दिव्याच्या पैशात एक साधी नळी सहज येते. तेव्हा बाराऐवजी आठ दिव्यांवर भागवले तर मागचे घर ह्याच गणपतीत उजळेल. त्यासाठी पुढच्या वर्षाची वाट पाहायला नको.

आणि ताई, घरात कोणाला पटत नसेल तर वाद घालू नका. रात्री जेवणे झाली की सुपात मूठभर तांदूळ घ्या आणि थोरल्या मुलाच्या हातात द्या. आधी पुढच्या खोलीत, मग ओट्याशी, मग सासूबाईंच्या बाजेजवळ उभे राहून त्याला खडे निवडायला सांगा. जिथे त्याला मान खाली घालून सूप डोळ्यांशी न्यावे लागेल, तिथे पहिला दिवा लागला पाहिजे. वायरमनला जागा दाखवायला त्यालाच पाठवा.