गोळी सोडण्याआधी

खांडबारा आणि आजूबाजूच्या गावांतल्या साठी ओलांडलेल्या आबा-नानांना, आजी-मावश्यांना, आणि सुरत, नाशिक, पुण्याकडे नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलामुलींना हे सांगायचं आहे. मुलांना मुद्दाम यात धरलं आहे, कारण कोलेस्टेरॉलची गोळी चालू ठेवायची की बंद करायची, हे बऱ्याच घरांत फोनवरच ठरतं. कुणीतरी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवतो की या गोळीने किडनी जाते, विसरायला होतं. दुसऱ्या दिवसापासून पाकीट फळीवर पडून राहतं. उलटंही होतं. रक्ततपासणीच्या कागदावर एका आकड्यापुढे काळं ठळक अक्षर दिसतं आणि ऐंशीच्या आजोबांना, काही त्रास नसताना, आयुष्यभराची गोळी लागते.

गोळी कोणती ते आधी ओळखा. कंपनीचं नाव काहीही असो, पाकिटावर बारीक अक्षरांत अ‍ॅटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन असं लिहिलेलं असतं. या सगळ्या घराण्याला स्टॅटिन म्हणतात. मूळ औषध जपानच्या अकिरा एंडो यांना १९७३ साली तांदळावरच्या बुरशीत सापडलं. "इंग्रजी औषध आपल्याला गरम पडतं" म्हणणाऱ्या भातवाल्या नवापूर तालुक्यात हे मुद्दाम सांगतो. यकृत जे कोलेस्टेरॉल तयार करतं, ते ही गोळी कमी करते. आणि रक्तवाहिनीत आधीच साचलेला थर ती जागेवर घट्ट धरून ठेवते, तो फुटून तिथे गाठ होण्याचा धोका घटतो. अटॅक येतो तो बहुतेक वेळा असा थर फुटल्यामुळेच.

आता खरा प्रश्न. कागदावरचा आकडा बाजूला ठेवा आणि स्वतःला विचारा: मला आधी कधी अटॅक आला आहे का? हृदयाच्या नसेत स्प्रिंग (स्टेंट) बसवली आहे का, बायपास झाली आहे का? रक्ताची गाठ अडकून लकवा मारला होता का? चालताना पोटरी धरते म्हणून डॉक्टरांनी पायाच्या नसा तपासून तिथे अडथळा सांगितला आहे का?

यातल्या एकाचंही उत्तर "हो" असेल, तर तुम्ही पहिल्या गटात. मग वय पासष्ट असो की पंच्याऐंशी, गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. यात मला दोन बाजू दिसत नाहीत. युरोपातल्या उत्तरेकडच्या देशांत ४,४४४ हृदयरुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल १९९४ साली आला. साडेपाच वर्षांच्या आसपास गेल्यावर हिशेब केला, तेव्हा नुसती साखरेची, औषध नसलेली गोळी घेणाऱ्या शंभरातले बारा जण गेले होते, खरी गोळी घेणाऱ्या शंभरातले आठ. शंभरामागे तीन-चार माणसं वाचली. त्या चाचणीत सत्तरीपुढचे लोक नव्हते, म्हणून पुढे फक्त ७० ते ८२ वयाच्या ५,८०४ लोकांवर वेगळी चाचणी झाली, तिचा निकाल २००२ साली आला. तिथेही तीन वर्षांत अटॅक, लकवा आणि हृदयविकाराने मृत्यू हे सगळं मिळून शंभरात सोळावरून चौदावर आलं. फायदा मुख्यतः ज्यांना आधीच नसांचा आजार होता त्यांना दिसला. २०१९ साली अशा अठ्ठावीस चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला गेला, आणि आधी आजार असलेल्यांना पंचाहत्तरीनंतरही फायदा होतो हेच पुन्हा निघालं.

आपल्याकडे गोळी सर्वात जास्त सुटते ती याच लोकांची. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत स्प्रिंग बसते, खिशातून पैसा जात नाही, माणूस आठवड्यात घरी येतो, छातीतलं दुखणं गेलेलं असतं. मग "बरा झालो" म्हणतो. पाटाच्या एका वळणावरचा गाळ काढला म्हणून पूर्ण पाट साफ झाला असं कुणी शेतकरी म्हणणार नाही. स्प्रिंग एका नसेतल्या एका जागेपुरती असते, बाकीच्या नसा त्याच जुन्या असतात. ऑपरेशनचा खर्च योजनेने केला, पण पुढची दहा-वीस वर्षं रोजची गोळी घेणं आपल्याच हातात आहे. खर्चाची अडचण असेल तर स्पष्ट बोला. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्याच्या किमतीवर सरकारचं नियंत्रण आहे आणि जनऔषधी केंद्रात ती अगदी स्वस्त मिळते. सरकारी रुग्णालयात आधी विचारून बघा. नामांकित कंपनीचीच हवी असा हट्ट धरून महिन्यातले पंधरा दिवस घेण्यापेक्षा साधी गोळी महिनाभर घेतलेली बरी.

दुसरा गट साठ ते पंचाहत्तरचा, ज्यांना अटॅक-लकवा काही झालेलं नाही. इथे आकडा एकटा बघू नका. साखर आहे का, बीपी आहे का, बिडी किंवा तंबाखू-चुना चालू आहे का, भावाला किंवा बापाला तरुणपणीच अटॅक आला होता का, हे सगळं एकत्र बघायचं. मधुमेह असेल तर या वयात गोळी घ्यावी, असंच बहुतेक डॉक्टर सांगतील आणि ते बरोबर आहे. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली आपल्या देशासाठी कोलेस्टेरॉलची पहिली मार्गदर्शिका काढली. तिच्यात वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे रिपोर्टमधलं एलडीएल, साधारण माणसासाठी शंभरच्या खाली, जास्त धोक्याच्या माणसासाठी सत्तरच्या खाली आणि अटॅक आलेल्यांसारख्या फारच धोक्याच्या माणसासाठी पंचावन्नच्या खाली ठेवा असं सांगितलं आहे. म्हणजे एकच ११०चा आकडा एकाला थोडासाच जास्त आणि दुसऱ्याला दुप्पट ठरतो. लॅबच्या कागदावरचं ठळक अक्षर हा फरक करत नाही.

नंदुरबार जिल्ह्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. घरात सिकलसेल असेल, तर तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी कधी कधी फसवी येते. मधुमेह आहे की नाही यावर गोळीचा निर्णय फिरतो, म्हणून सिकलसेलचं कार्ड डॉक्टरांना दाखवा आणि उपाशीपोटी व जेवणानंतरची साखर वेगळी तपासायला सांगा.

तिसरा गट पंचाहत्तरीपुढचा, आजवर हृदयाचा काही त्रास नसलेला. इथे कुणी छातीठोकपणे "घ्याच" किंवा "अजिबात नको" म्हणत असेल, तर त्याच्यावर थोडा कमी विश्वास ठेवा. अमेरिकेतल्या प्रतिबंधक उपचारांच्या तज्ज्ञ समितीने २०२२ साली ७६ आणि त्यापुढच्या वयासाठी सरळ लिहिलं की, नव्याने गोळी सुरू करावी की नाही हे सांगण्याइतका पुरावा नाही. नेमक्या या प्रश्नासाठी ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत हजारो वृद्धांवर वेगळ्या चाचण्या हाती घ्याव्या लागल्या. एक हिशेब असा आहे की, पन्नास ते पंचाहत्तर वयाच्या, आजार नसलेल्या शंभर लोकांनी अडीच वर्षं गोळी घेतली, तर त्यातल्या एकाचा मोठा झटका टळतो. पंचाहत्तरीपुढे हा हिशेब कसा बसेल, ते त्या माणसाच्या तब्येतीवर आहे.

माझं मत विचाराल तर असं. अठ्ठ्याहत्तरचे नाना रोज शेतात चक्कर मारतात, साखर-बीपी नाही, एलडीएल १३० आहे, तर एवढ्या आकड्यासाठी नवी गोळी मी लावणार नाही. पण तेच नाना दहा वर्षांपासून गोळी घेत असतील आणि काही त्रास नसेल, तर केवळ पंचाहत्तरी झाली म्हणून ती काढायचीही नाही. फ्रान्समध्ये पंचाहत्तरी गाठलेल्या १,२०,१७३ लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा गोळी थांबवलेल्यांमध्ये हृदयाच्या किंवा मेंदूच्या झटक्याने दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण एकतृतीयांशाने जास्त होतं. ती चाचणी नव्हती, नुसत्या नोंदी होत्या, आणि आजारी माणसंच गोळी सोडतात असंही असू शकतं. तरी सहज सोडून देण्यासारखं ते नाही.

आता भीतीकडे. अंग दुखतं, हा सर्वात मोठा आरोप. खरी गोष्ट अशी की साठीनंतर अंग दुखतंच, भातलावणीच्या आठवड्यात तर पंचविशीतल्याचंही दुखतं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये त्रास होतो म्हणून गोळी सोडलेल्या ६० लोकांना काही महिने खरी गोळी, काही महिने नुसती साखरेची गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आलटून पालटून दिलं. कोणत्या महिन्यात कोणती गोळी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. खऱ्या गोळीने जितका त्रास झाला, त्यातला नव्वद टक्के साखरेच्या गोळीनेही झाला. त्यांना दुखत होतं हे खरंच, पण त्यातलं बरंचसं गोळी घेतोय या धास्तीने.

तरी दोन खुणा हसण्यावारी नेऊ नका. दोन्ही मांड्या किंवा दोन्ही खांदे दुखून इतके लुळे पडले की बसल्यावर उठताच येत नाही, किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर गोळी त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. हा त्रास क्वचित होतो, आणि तो बहुधा दुसऱ्या औषधाची जोड मिळाली की होतो. गजकर्णाच्या कॅप्सूल, इट्राकोनॅझोल नावाच्या, आपल्याकडे मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय घेतल्या जातात. क्लॅरिथ्रोमायसिन नावाचं अँटिबायोटिकही असंच. अ‍ॅटोरव्हास्टॅटिनबरोबर ही औषधं घेतली की गोळीचं रक्तातलं प्रमाण खूप वाढतं. दुकानात काहीही घेताना "मी कोलेस्टेरॉलची गोळी घेतो" एवढं एक वाक्य म्हणा. थायरॉइड कमी असेल तरी अंग दुखतं आणि कोलेस्टेरॉलही वाढतं, म्हणून तेही एकदा तपासलेलं असावं. जत्रेत मिळणारी, नाव नसलेली सांधेदुखीची पूड घेत असाल, तर ती पुडी लपवू नका. डॉक्टर रागावले तर रागावू द्या.

साखर वाढते, हे थोडं खरं आहे. २५५ लोकांनी चार वर्षं गोळी घेतली तर एकाला जास्तीचा मधुमेह होतो, तोही बहुतेक आधीच काठावर असलेल्याला. विसरभोळेपणाचं मात्र वर सांगितलेल्या ७० ते ८२ वयाच्या चाचणीत मुद्दाम तपासलं गेलं होतं, आणि दोन्ही गटांच्या स्मरणशक्तीत फरक सापडला नाही.

एक गोंधळ मात्र नक्की काढा. बऱ्याच जणांना एकाच कॅप्सूलमध्ये कोलेस्टेरॉलचं औषध आणि रक्त पातळ करायचं औषध, दोन्ही दिलेलं असतं. स्प्रिंगवाल्याला त्याची गरज असते. पण सत्तरीपुढच्या, अटॅक न आलेल्या माणसाला रोजची अ‍ॅस्पिरिन फायद्याची ठरली नाही. १९,११४ लोकांवरच्या एका मोठ्या चाचणीत, २०१८ साली, उलट रक्तस्राव वाढलेला दिसला. तेव्हा "माझ्या गोळीत रक्त पातळ करणारंही आहे का, आणि मला ते कशासाठी?" हे डॉक्टरांना विचारा.

जेवणाचं लांबवत नाही. पण अंड्याबद्दल बोलायलाच हवं, कारण नवापूर तालुका अंड्यांचा आहे. २००६च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू इथेच सापडला, म्हणून तेव्हा अंडी बंद झाली होती. आता एखाद्या म्हातारीची अंडी कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टमुळे बंद होतात. रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल यकृतच बनवतं, अंड्यातून आलेलं त्यात फारशी भर घालत नाही. अंगात मांस नसलेल्या, वजन उतरत चाललेल्या आजीला रोजचं एक अंडं तोडू नका. बंद करायचंच तर डालडा आणि भज्यांच्या गाडीवरचं काळं झालेलं तेल बंद करा. तंबाखू तर आधी.

आणि एक वेळ अशी असते, की गोळी काढणंच शहाणपणाचं असतं. आजी अंथरुणाला खिळली आहे, घास गिळत नाही, मोठा आजार शेवटाला आला आहे, अशा वेळी वर्षांनी फायदा देणाऱ्या गोळीचा तिला उपयोग नाही. अमेरिकेत अशा ३८१ रुग्णांच्या अभ्यासात गोळी थांबवल्याने नुकसान दिसलं नाही, उलट त्यांचे दिवस थोडे सुसह्य गेले. डॉक्टरांनी अशी गोळी कमी केली तर "आमच्या माणसावरची आशा सोडली" असं समजून भांडू नका. मुलांनी तर हे आधीच विचारावं.

शेवटी ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी. दिवाळीनंतर बारडोलीकडे टोळ्या निघतात, आणि अटॅक येऊन गेलेले साठीचे लोकही त्यांच्यात असतात. सरकारी दवाखान्यात साधारण महिन्याची गोळी मिळते, पण हंगामाचं कारण सांगून जास्त मागा, निदान चिठ्ठीवर गोळीचं खरं नाव आणि मिलिग्रॅम स्वच्छ लिहून घ्या. तिकडच्या दुकानात कंपनीचं नाव बदलेल, औषधाचं नाव तेच राहील. चिठ्ठीची झेरॉक्स आणि रिकामं पाकीट दोन्ही बरोबर न्या. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन रात्रीच घ्यायला हवी असं नाही, त्यामुळे दिवसभर तोडणी करून रात्री विसरायला होत असेल तर पहाटे चहाबरोबर घ्या. गावी परतलात की पहिल्या आठवड्यात उपकेंद्रात बीपी-साखर दाखवा आणि सरकारी रुग्णालयात महालॅबमधून रक्त मोफत तपासून घ्या. चार महिने गोळी चुकली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, नाहीतर आकडा वाढलेला बघून ते विनाकारण डोस वाढवतील.