बिनउंबरठ्याची न्हाणी



आमच्या निफाड तालुक्यात थंडीचा कडाका आला की पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली जातो. द्राक्षबागेत रात्री शेकोट्या पेटवाव्या लागतात. अशाच एका गारठ्याच्या पहाटे आमच्या थोरल्या काकू न्हाणीच्या उंबरठ्याला अडखळून पडल्या. उंबरठा ४ इंचांचा, पण खुब्याचे हाड मोडायला तेवढा पुरला. शस्त्रक्रिया झाली, हातात वॉकर आला. तो घरभर फिरे, पण न्हाणीच्या दाराशी येऊन थांबे. आत जायला दोघींनी धरावे लागे. आयुष्यभर सगळ्यांच्या आधी उठून अंघोळ उरकणारी बाई, आता सुनांचे काम आटोपेपर्यंत वाट पाहत बसे.

तेव्हा ठरले की उंबरठा काढून टाकायचा. गवंडी आला, तासाभरात उंबरठा फोडला, तिथे चार फरश्या बसवल्या आणि पैसे घेऊन गेला. पहिल्याच दिवशी पाणी खोलीत आले. ते आम्ही पुसून काढले. पण जे दिसत नव्हते ते पुसणार कसे? महिना-दीड महिन्यात शेजारच्या खोलीच्या भिंतीला लोणा लागला, गिलावा फुगून पडू लागला. त्या भिंतीला लावून सोयाबीनची पोती रचली होती. हलवली तेव्हा खालच्या थरातल्या पोत्यांना बुरशी आलेली.

काकूंनी ते पाहिले आणि त्या म्हणाल्या, "माझ्या पायी घर ओलं झालं. मी आपली अंगणात दगडावर बसून न्हाईन." आणि भर डिसेंबरात, साडीचा आडोसा करून, त्या खरोखरच अंगणात अंघोळ करू लागल्या. मग मात्र आम्हाला राहवेना. दुसरा जाणता गवंडी गाठला आणि काम मुळापासून केले. त्यात जे शिकलो ते आज सांगतो. म्हातारी माणसे घरोघर आहेत, आणि आपणही एक दिवस त्या वयाला पोहोचणार आहोत.

पहिली गोष्ट म्हणजे फरशी पाणी अडवत नाही. फरशीच्या दरजांतून पाणी हळूहळू खाली झिरपतेच. सिमेंटचा गिलावाही पाणी पितो. उंबरठा होता तोवर आमच्या न्हाणीत हेच चालले होते, फक्त पाणी दाराबाहेर येत नव्हते म्हणून कुणाच्या ध्यानात आले नाही. उंबरठा काढला की दोन गोष्टी बिनचूक लागतात : तळाला उतार आणि फरशीखाली अखंड जलरोधक थर. शेतात बांध मोडला तर पाणी कुठे जाईल ते जमिनीचा उतार ठरवतो, तसेच हे आहे.

उतार फुटाला पाव इंच धरावा. आमची न्हाणी दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत ६ फूट आहे. पाणी जाण्याची जाळी आम्ही त्या समोरच्या भिंतीशी घेतली. म्हणजे दारात तळ खोलीच्या बरोबरीने आणि जाळीपाशी दीड इंच खाली. यासाठी जुना तळ ५-६ इंच खोदावा लागला. उतार नुसत्या फरशीला देऊन भागत नाही. खालच्या कोब्यालाच तो द्यावा लागतो, कारण दरजांतून खाली गेलेल्या पाण्यालाही जाळीकडेच वाट हवी. विटांच्या तुकड्यांचा कोबा घातल्यावर पाणी भरलेली पारदर्शक नळी लावून दोन्ही टोके मोजून घ्या. नजरेवर विसंबू नका.

तळ आणि भिंत मिळते तो कोपरा काटकोनात ठेवू नये. तिथे सिमेंटच्या मालाचा गोलसर वाटा काढावा. भेग पहिल्यांदा तिथेच पडते. मग जलरोधक लेप. दुकानात सिमेंटची भुकटी आणि चिकाचे पाणी अशा दोन भागांत तो मिळतो. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच कालवावा, पातळ करायला जादा पाणी घालू नये. पहिला हात आडवा, तो वाळल्यावर दुसरा हात उभा. कोपऱ्यांत आणि नहाणी ट्रॅपच्या भोवती दोन हातांच्या मध्ये जाळीच्या कापडाची पट्टी चिकटवावी. पाइप आणि तळ यांचा सांधा ही सगळ्या न्हाणीतली सर्वांत कच्ची जागा.

लेप कुठवर न्यायचा? चहूकडच्या भिंतींवर निदान एक फूट आणि जिथे अंगावर पाणी घेतो त्या भिंतीवर ६ फूट. दारात मात्र तो थांबवू नका. उंबरठा नाही, तर लेप दाराच्या बाहेर खोलीच्या तळावरही फूटभर गेला पाहिजे. आमच्या पहिल्या कामात लेपच नव्हता, पण लेप लावूनही दारातच थांबवला असता तरी ओल खोलीत शिरलीच असती.

आता थंडीचे. गारठ्यात सिमेंट आणि लेप दोन्ही सावकाश धरतात. हवा ५ अंशांखाली असेल तर लेप लावूच नये. थंडीत काम काढलेच, तर ऊन वर आल्यावर लावावा आणि डब्यावर दिलेल्या वेळेपेक्षा एक दिवस जास्त वाळू द्यावा. शिवाय थंडीत आपण खिडकी लावून कढत पाण्याने न्हातो. वाफ गार भिंतीवर बसते आणि काळी बुरशी धरते, म्हणून वरच्या अंगाला झरोका हवाच. न्हाणीत गॅसचा गीझर असेल तर झरोका कधीही बुजवू नका. त्याचा विषारी वायू जीव घेतो.

फरशी बसवण्याआधी परीक्षा घ्यावी. ट्रॅपचे तोंड बोळा घालून घट्ट बंद करावे, दारात मातीचा छोटा बांध घालावा आणि दाराशीही बोटभर पाणी राहील इतके भरून २४ तास ठेवावे. भिंतीवर पेन्सिलीने खूण करावी. आमच्या पहिल्या परीक्षेत पाणी अर्धा इंच उतरले. गवंडी म्हणाला, "वाऱ्यानं सुकलं असंल." आम्ही पुन्हा भरले, पण शेजारी एक घमेलेही भरून ठेवले. घमेल्यातले पाणी होते तेवढेच राहिले, न्हाणीतले पुन्हा उतरले. ट्रॅपच्या कडेला केसाएवढी फट निघाली. ती फरशीखाली गेली असती तर पुन्हा सगळे फोडावे लागले असते.

बाकीचे थोडक्यात. फरशी खरखरीत घ्या, बिनपॉलिशची शहाबादी उत्तम. दार ३ फूट रुंद आणि बाहेर उघडणारे असावे, म्हणजे आत कुणी पडले तरी उघडता येते. आधाराचे दांडे कुठे बसणार ते आधीच ठरवा. लेपावर मागाहून भोक पाडावे लागले तर ते नीट बुजवून घ्या.

या साऱ्याला आमचे तीन आठवडे गेले. नंतरच्या थंडीत एका पहाटे मी गोठ्याकडे निघालो तर न्हाणीतून पाण्याचा आवाज. काकू एकट्याच वॉकर घेऊन आत गेलेल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "कुणाला उठवलं नाही बाबा. माझं मीच केलं."

शेजारच्या खोलीत यंदा पुन्हा सोयाबीनची पोती आहेत. भिंत कोरडी आहे.

असो. तुमच्या घरी कुणी दाराशी अडत असेल तर ही सुगी आटोपली की काम काढा. पहिल्यांदा पाणी भरून पाहा, मग फरशी.