विज्ञानकथेचा गूढार्थ : वाच्यार्थाकडून व्यंग्यार्थाकडे

विज्ञानकथेवरील उत्तरे तपासताना एक वाक्य वारंवार भेटते : ‘या कथेतून लेखकाने अंधश्रद्धा सोडण्याचा संदेश दिला आहे.’ कथा कोणतीही असो, संदेश तोच. कथेत दडलेला संदेश शोधून तो एका वाक्यात सांगितला की आकलन पूर्ण झाले, अशी समजूत त्यामागे असते. माझ्या मते विज्ञानकथेच्या अभ्यासातील ही मोठी अडचण आहे आणि तिचे मूळ भाषेविषयीच्या आपल्या सवयीत आहे.

शब्दशक्तींचा परिचय आपणांस आहेच. ‘तो माणूस नव्हे, यंत्र आहे’ हे वाक्य सामाजिक कथेत आले तर मुख्यार्थ बाधित होतो आणि आपण लक्षणेने ‘भावनाशून्य’ असा अर्थ घेतो. विज्ञानकथेत मात्र मुख्यार्थाला बाधा येईलच असे नाही. तो खरोखरच यंत्रमानव असू शकतो. म्हणून येथे लक्षणेकडे घाईने वळू नये. वाच्यार्थ त्याच्या सर्व तपशिलांसह आधी खरा मानावा. आनंदवर्धनांनी ‘ध्वन्यालोका’त ध्वनीचे दोन मुख्य भेद मानले आहेत. एकात वाच्यार्थ विवक्षित नसतो. दुसऱ्यात तो विवक्षित असतो, परंतु आपल्याला पुढच्या अर्थाकडे घेऊन जातो. यास ‘विवक्षितान्यपरवाच्य’ म्हणतात. चांगल्या विज्ञानकथेचा गूढार्थ बहुधा या दुसऱ्या प्रकारचा असतो.

आयझॅक असिमोव्ह यांची १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘नाइटफॉल’ ही कथा पाहा. लगाश ग्रहाच्या आकाशात सहा सूर्य आहेत. तेथे रात्र ठाऊकच नाही. दर २०४९ वर्षांनी, आकाशात एकच सूर्य उरलेला असताना, त्याला ग्रहण लागते. अंधाराने भ्रमिष्ट झालेले लोक उजेडासाठी हाती येईल ते पेटवतात आणि संस्कृती भस्मसात होते. ‘अंधार म्हणजे अज्ञान’ असे समीकरण येथे सहज सुचते. पण तपशील त्याच्या आड येतो. अंधार पडतो तेव्हाच तारे दिसतात. विश्वात फार तर डझन-दोन डझन सूर्य असतील, अशी तेथील एका खगोलशास्त्रज्ञाची कल्पना. प्रत्यक्षात डोळ्यांपुढे हजारो तारे उभे राहतात. म्हणजे अंधारच सत्य दाखवतो आणि ते सत्य पेलवत नाही. ग्रहणाचे गणित अचूक मांडणारे वैज्ञानिकही त्यातून सुटत नाहीत. बुद्धीला कळणे आणि मनाला पेलणे यांतील हे अंतर हा मला या कथेचा व्यंग्यार्थ वाटतो. समीकरण मांडून थांबणाऱ्यास तो सापडत नाही.

जयंत नारळीकर यांची ‘धूमकेतू’ ही कथाही अशीच वाचावी लागते. पृथ्वीवर आदळू पाहणारा धूमकेतू वैज्ञानिकांच्या प्रयत्नांनी मार्ग बदलतो. इकडे संकटनिवारणार्थ यज्ञ होतो. कथा अंधश्रद्धेवर टीका करते, हे खरेच. परंतु हा यज्ञ होतो कोठे? धूमकेतू ज्याने शोधला, त्याच्याच घरी. हे स्थान बदलून यज्ञ गावातील देवळात नेला, तर टीका तशीच राहील, पण कथेचे दुःख नाहीसे होईल. विज्ञानाला आकाशातील अंतर ओलांडता आले, उंबऱ्याच्या आतले आले नाही, असे ती कथा सुचवते.

विज्ञानकथाकारांचा हेतू अनेकदा प्रबोधनाचाच असतो, मग संदेश सांगण्यात काय चुकले, असा आक्षेप कोणी घेईल. चूक संदेश सांगण्यात नाही, तेथेच थांबण्यात आहे. संदेशच पुरेसा असता तर निबंधाने काम भागले असते. उलटपक्षी, व्यंग्यार्थ म्हणजे वाटेल तो अर्थ, असेही नव्हे. कथेतील एखादा तपशील बदलून पाहावा. तो बदलला तरी आपण सांगितलेला अर्थ जसाच्या तसा उरत असेल, तर तो त्या कथेचा नव्हे, आपण बाहेरून आणलेला आहे असे समजावे.

नोकरी आणि संसार सांभाळून शिकणाऱ्या आपल्यासारख्या प्रौढ विद्यार्थ्यांना कळणे आणि पेलणे यांतील अंतर पुस्तकातून शिकावे लागत नाही. तो अनुभव वाचनात जरूर आणावा. मार्गदर्शिकेतील तयार संदेश पाठ केल्याने कदाचित गुण मिळतील. कथा मात्र न वाचलेलीच राहील.